गेटाच्या आतली माणसं

तळपदे खडकावर बसले होते आणि त्यांच्या पाठीमागच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी होतं.

मी वर डांबरी रस्त्यावर उभा होतो. बुटाची नाडी सुटली होती. एरवी मी तिथेच खाली बसून ती बांधली असती, पण त्या आठवड्यात खाली बसायची बंदी होती, म्हणून रस्त्याच्या कठड्यावर पाय टेकवून बांधत होतो. त्यामुळे तोंड नदीकडे होतं. बाकीची मंडळी पुढे, वळणापलीकडच्या मोकळ्या जागेत पोचली होती. पाताडे सरांची शिटी ऐकू येत होती. एक लांब, दोन आखूड, म्हणजे खांदे फिरवायचे.

जानेवारीतली सकाळ होती. ऊन नुकतंच झाडांमधून खाली उतरलं होतं आणि सगळ्या झुडपांवर सारखंच सांडलं होतं. वाळकी पानं, त्यांवर कवडसे, कवडशांमध्ये काळपट डाग. त्यातल्या एका ठिकाणचे डाग मला जरा जास्तच नीटस वाटले.

माझा जन्म छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेला. नजरेला पहिल्यांदा जे दिसतं ते खरं मानायचं नाही, पुन्हा पाहायचं, ही त्या कामाची सवय. पुढे ती माझ्या अंगातच मुरली. मी पुन्हा पाहिलं. डाग होते तिथेच होते. वाऱ्याने आजूबाजूचे कवडसे हलले, ते मात्र हलले नाहीत.

ज्यांनी बोरिवलीचं नॅशनल पार्क पाहिलेलं नाही, त्यांना हे विचित्र वाटेल. हमरस्त्याला लागून गेट, गेटाबाहेर रिक्षा, वडापाव, नारळपाणी. आणि आत शिरलं की थोड्याच वेळात जंगल. त्यात हरणं, माकडं, रानडुकरं आणि बिबटे. या जंगलातून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर रोज सकाळी शेकडो माणसं फिरायला येतात. आमचं आठ-दहा जणांचं टोळकं त्यांतलंच. पाताडे सर आमचे पुढारी. ते महापालिकेच्या शाळेत कवायतीचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण शिटी गळ्यात राहिली.

सरांनी आम्हाला एकच नियम घालून दिला होता. गेटाच्या आत घर आणायचं नाही. सुना, जावई, पेन्शन, गुडघे, रक्तातली साखर, यातलं अवाक्षर काढायचं नाही. जो काढेल त्याने रिंगणात मधोमध उभं राहून एकट्याने हास्याचा व्यायाम करायचा, दोन्ही हात वर करून, पोटातून, मोठ्याने. शेट्येबाई गुन्हेगार पकडण्यात पटाईत होत्या. त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, त्यामुळे कोणाच्या घशातून काय बाहेर पडणार हे त्यांना आधीच कळायचं. एकदा एकाने उशिरा येऊन नातवाच्या शाळेची बस चुकल्याचं सांगितलं, तर बाई म्हणाल्या की नातवाला गेटाबाहेर उभं करा आणि तुम्ही मधे या.

नियम सगळ्यांना मनापासून आवडला होता. इथे तरी सुटलो, असं जो तो म्हणायचा. मला तर तो वरदानासारखा होता. मी पुतण्याच्या कुटुंबात राहणारा अविवाहित माणूस. चारचौघांत काय बोलावं हे मला कधी कळलं नाही, आणि घरचं विचारलं की कान तापायचे. इथे कोणी विचारत नसे. पण याचा परिणाम असा झाला होता की कित्येक वर्षं रोज भेटणाऱ्या आम्हा माणसांनी एकमेकांची घरं पाहिलेली नव्हती. शेट्येबाईंना मुलं किती, पाताड्यांचं बिऱ्हाड कुठे, मला ठाऊक नव्हतं. गेटाबाहेर आलं की हात वर करायचा आणि आपापल्या दिशेला लागायचं, अशी रीतच पडून गेली होती.

तळपदे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबांवर चढून अर्धी मुंबई वरून पाहिलेला माणूस. काटक, आवाज खणखणीत, आणि जिभेला धार. माझी थट्टा करणं हा त्यांचा रोजचा रतीब होता. त्याला कारण मीच दिलं होतं. पूर्वी एकदा मी बांबूच्या बेटाकडे बोट दाखवून 'बिबट्या' म्हणालो होतो. सगळे थबकले. तळपदे दोन पावलं पुढे गेले, वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "रेगे, त्याच्या गळ्यात पट्टा आहे. पाळीव दिसतोय." पिवळं कुत्रं होतं. तेव्हापासून रोज सकाळी गेटावर मला पाहिलं की ते विचारायचे, आज किती दिसले.

दिवाळीच्या सुमाराला तळपद्यांनी ध्यान सुरू केलं. आम्ही व्यायाम करायचो तेव्हा ते एकटेच कुठेतरी खडक गाठून मांडी घालून बसायचे. पाताड्यांना ते आवडलं नाही, पण ध्यानाला नाही कसं म्हणायचं. मंडळी त्यांना 'महाराज' म्हणू लागली, तेही आशीर्वाद द्यायचे.

मग त्या आठवड्याच्या सुरुवातीला वनखात्याची एक तरुण वनरक्षक गेटावर आली आणि तिने सगळ्या गटांना थांबवून समजावलं. नदीकाठी सकाळचा एक बिबट्या फिरतोय. घोळक्याने चाला, बोलत चाला. खाली बसू नका, वाकू नका, कारण उभा माणूस त्याला मोठा वाटतो, आणि बसलेला माणूस त्याच्या रोजच्या भक्ष्याएवढा दिसतो. समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, हात वर करून मोठे व्हा. पाताड्यांनी त्याच दिवशी बसून करायचे सगळे व्यायाम रद्द केले.

तळपदे मात्र बसत राहिले. उलट रस्त्याजवळचा खडक सोडून ते खाली, नदीच्या अगदी काठाला बसू लागले. पाताडे चिडले. नियम सगळ्यांना सारखा, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. तळपदे म्हणाले, "सर, मला पाहून तो उपास धरेल. नुसती हाडं आहेत." सगळे हसले, मीही हसलो. आणि विषय तिथे संपला.

आता तेच तळपदे माझ्या खाली त्या खडकावर बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, तोंड नदीकडे, डोळे मिटलेले. आणि मी त्या जाळीत पट्टा शोधत होतो. खरंच. नेमका गळा कुठे असेल याचा अंदाज घेऊन मी पट्टा शोधत होतो, म्हणजे हसं व्हायच्या आधीच सुटता येईल.

पट्टा नव्हता. वाळक्या पानांत एक शेपूट होतं. त्याचं टोक उचललं गेलं आणि पुन्हा खाली टेकलं.

ओरडायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि घशातून वारा तेवढा बाहेर आला. माझा आवाज मुळातच लहान. छापखान्यात यंत्रांच्या धडधडीत मी काही बोललो तर लोक माझ्या ओठांकडे बघून ओळखायचे. आणि त्यातही मनात शंका. ओरडलो आणि तळपदे दचकून उठले, उठताना वाकले, पळाले, तर? पाताड्यांना बोलवायला वळणापर्यंत जायचं, तर तेवढा वेळ याच्याकडे पाठ करायची. मी कठड्यावरून पाय काढला, तेव्हा नाडी अर्धीच बांधलेली होती, हे मला आठवतं. मग मी उताराची पायवाट धरली.

मी शूर नव्हतो, आजही नाही. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. वरून काही करता येत नव्हतं, एवढंच.

पायाखाली सागाची पानं होती, ताटलीएवढाली. पाऊल ठेवलं की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. प्रत्येक आवाजाला मी थांबायचो, आणि थांबलो की जाळीकडे पाहायचो. आता जवळून त्याचे खांदे दिसत होते. डोकं खाली होतं आणि खांद्यांची हाडं डोक्याच्या वर आली होती. ते डोकं माझ्याकडे वळलेलं नव्हतं. ते तळपद्यांच्या पाठीकडे होतं.

बोलत चाला, असं त्या मुलीने सांगितलं होतं. मी बोलायला लागलो. एरवी ज्याला दोन वाक्यं जुळवताना घाम फुटतो, तो मी साध्या आवाजात बोलत बोलत उतरलो. "तळपदे, मी रेगे. मी खाली येतोय. तुम्ही घाबरू नका. सावकाश उठा. वाकू नका. नुसते उभे राहा."

तळपद्यांनी डोळे उघडले नाहीत.

"तळपदे, ऐकू येतंय ना? उठा."

"बसू द्या हो, रेगे," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता, झोपेतून जागं केल्यासारखा.

"तुमच्या मागे बिबट्या आहे."

"बरं."

मला वाटलं, त्यांना ती जुनीच थट्टा वाटतेय. साहजिकच होतं. मी म्हणालो की या वेळी खरा आहे, कुत्रं नाही, मी नीट पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय. माझा आवाज आता थरथरत होता आणि मला त्याची लाज वाटत होती.

"असू द्या," तळपदे म्हणाले. "तुम्ही वर जा."

मी वर गेलो नाही. मी खडकाला वळसा घातला आणि त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या आणि जाळीच्या मधे जाऊन उभा राहिलो. गळ्यातला मफलर काढला, दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरला. मोठं व्हायचं असतं म्हणून. साठी उलटलेला, चष्मा लावलेला, हडकुळा माणूस किती मोठा होणार.

तो उभा राहिला.

दबून बसला होता तेव्हा तो डागांचा ढीग होता. उभा राहिला तेव्हा त्याचं एकदम जनावर झालं. कान मागे गेले. ओठ थोडा वर उचलला गेला आणि घशातून बारीक खरखर आली, जुना पंखा सुरू होताना येते तशी. वास आला. ओला, आंबूस. मी त्याच्या डोळ्यांत पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. त्या डोळ्यांत राग वगैरे काही नव्हतं. मी कशाच्या तरी मधे आलो होतो, आणि त्याला मला ओलांडून पलीकडचं पाहायचं होतं. त्याने डोकं थोडं डावीकडे नेलं. मी डावीकडे सरकलो. त्याने उजवीकडे नेलं.

"तळपदे," मी पाठीमागे न वळता म्हणालो, "मला एकट्याला जमणार नाही."

मी मफलर आणखी वर ताणला.

"माझे पाय लटपटताहेत. मी बहुतेक पडणार. मी खाली पडलो तर तो माझ्यावर येईल."

हे मी काही युक्ती म्हणून बोललो नव्हतो. माझा उजवा गुडघा खरोखरच आपोआप वाकत होता. आणि जसजसा मी खचत होतो तसतसं ते जनावर खाली बसत होतं, माझ्याच मापाने. मफलर कपाळावर आला. मला समोरचं अर्धंच दिसायला लागलं.

"तळपदे," मी म्हणालो. आवाज जवळजवळ गेलाच होता. "माझ्यासाठी उठा."

मागे काहीच हललं नाही. मग खडकावर चपला घासल्याचा आवाज आला. माझ्या काखेत एक हात शिरला आणि त्याने मला वर उचललं. खांबांवर चढलेला हात होता तो, पकड सांडशीसारखी. तळपदे माझ्या शेजारी उभे राहिले, दुसरा हात त्यांनी पूर्ण वर केला, आणि ओरडले.

ती काही शब्दांची आरोळी नव्हती. भर रस्त्यात, उंच खांबावरून खालच्या माणसाला तार सोडायला सांगताना लाइनमन जशी हाक देतो, तशी लांब, वर चढत जाणारी हाक. पण तिच्यात आणखीही काहीतरी होतं. ती थांबेना. एक श्वास संपला की ते दुसरा घेत आणि पुन्हा ओरडत. पलीकडच्या काठावरची माकडं खेकसायला लागली. बिबट्याने एकदा अंग आखडलं, वळला, आणि जाळीच्या मागून नदीच्या खालच्या अंगाला निघून गेला. पळाला नाही. चालत गेला.

तो दिसेनासा झाल्यावरही तळपदे ओरडतच होते. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, तेव्हा थांबले.

त्यांनी माझी काख सोडली. वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे यायला?"

मी गोंधळलो. म्हणालो, तुमचे डोळे मिटलेले होते, तुम्हाला दिसला नव्हता.

"समोरून आला तो, रेगे." त्यांनी नदीतल्या दगडांकडे हात केला. "तिथून. त्या दगडांवरून, पाय न भिजवता. पाणी प्याला. मग माझ्या या बाजूने मागे गेला. डोळे मी नंतर मिटले."

मी त्या दगडांकडे पाहिलं.

"काल पलीकडेच थांबला होता," ते म्हणाले. "आज आला."

ते वाक्य मी मनात पुन्हा वाचलं. मग पुन्हा. त्यात काहीही चुकीचं नव्हतं, दुसरा अर्थ लावता येत नव्हता. त्या मुलीने गेटावर जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते ते सगळं या माणसाने लक्ष देऊन ऐकलं होतं, तेच करायला.

शिटी थांबली होती. वर रस्त्यावर धावती पावलं आली आणि कठड्यावर पाताडे सर आणि शेट्येबाई दिसले. कोण ओरडलं, काय झालं, असं दोघांनी एकदमच विचारलं. ती दोघं उतरून खाली आली तेव्हा मी सांगितलं की बिबट्या होता, खालच्या अंगाला गेला. पाताड्यांच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं, पण शेट्येबाईंनी काठाची ओली वाळू पाहिली आणि त्यांच्या कोपराला धरलं. वाळूत ठसे होते. दगडांपासून खडकापर्यंत, खडकाला लागून, आणि मागे.

पाताडे ठसे पाहत राहिले. मग खडकाकडे, मग तळपद्यांकडे.

"तळपदे बसले होते ना?" त्यांनी मला विचारलं.

तळपदे माझ्याकडे बघत होते. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या गालांची हाडं किती वर आलीत. हे इतक्या दिवसांत मला कसं दिसलं नव्हतं कोण जाणे.

"नाही," मी म्हणालो. "उभे होते. माझी नाडी सुटली होती. मी पडू नये म्हणून मला धरून उभे होते."

माझी नाडी अजून लोंबतच होती. पाताड्यांनी ती पाहिली, मान हलवली, आणि वनरक्षकाला सांगायला तातडीने गेटाकडे निघाले. त्याआधी आमच्या गटाला त्यांनी एका रांगेत लावलं. सगळ्यांनी मोठ्याने बोलत चालायचं, असा हुकूम सुटला. मग सगळेच एकदम बिबट्यावर बोलायला लागले. मी आणि तळपदे रांगेच्या शेवटी होतो. शेट्येबाई आमच्या पुढे.

गेट दिसायला लागलं. काही वेळात सगळे हात वर करतील आणि पांगतील हे मला दिसत होतं. तळपदे एकटे स्टेशनकडे जातील. उद्या पुन्हा येतील. नदी तिथेच असेल.

मला विचारायचं होतं आणि तोंड कोरडं पडलं होतं. बिबट्यासमोर झालं होतं त्याहून जास्त.

"तळपदे," मी म्हणालो, "घरी कोण असतं तुमच्या?"

शेट्येबाई गर्रकन वळल्या. रेगे आणि गुन्हा, ही संधी त्यांना इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. त्यांचं बोटही वर झालं होतं. मग त्यांची नजर माझ्यावरून तळपद्यांच्या चेहऱ्यावर गेली. त्यांनी बोट खाली घेतलं, पुढे वळल्या, आणि समोरच्या दोघांना घाई करत आमच्यात आणि बाकीच्यांत बरंच अंतर पाडलं.

"कोणी नाही," तळपदे म्हणाले.

"वहिनी?"

आम्ही तसेच चालत राहिलो. बोटिंगचं तळं गेलं, मुलांच्या छोट्या आगगाडीचे रूळ गेले.

"शालन गेली," ते म्हणाले. "दसरा झाला, आणि लगेच. मुलगी इंदूरला असते, ती आली, तेरावं करून परत गेली. तिला तिचं घर आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "चौथ्या दिवशी मी इथे आलो होतो. सुतकात. सकाळ झाली की पाय इकडे वळायची सवय, आणि घरात बसवेना. त्या दिवशी पाताड्यांनी हास्याचा व्यायाम घेतला."

मला तो दिवस आठवेना. आमचे सगळे दिवस सारखेच असायचे.

"मग?"

"मग काय. हसलो. शेट्येबाई म्हणाल्या, आज तळपद्यांचा पहिला नंबर."

मी विचारलं, सांगितलं का नाहीत. विचारताना मला कळत होतं की प्रश्न मूर्खपणाचा आहे.

"सांगायचं कुठे, रेगे?" त्यांच्या आवाजात आता राग नव्हता. "आत घर आणायचं नाही. बाहेर तुम्ही कोणी थांबत नाही."

गेट आलं. पाताडे चौकीपाशी त्या वनरक्षक मुलीला हातवारे करून सांगत होते. बाकीच्यांनी नेहमीसारखे हात वर केले. शेट्येबाईंनी केला नाही. त्या थोड्या अंतरावर पिशवीत काहीतरी शोधत उभ्या होत्या, आणि मला वाटतं त्यांना काही सापडायचं नव्हतंच. तळपद्यांनी मला हात केला आणि स्टेशनच्या बाजूला वळले. माझी बस उलट दिशेला. मी त्यांच्यामागून गेलो.

थोडं पुढे गेल्यावर ते थांबले. "तुम्ही तिकडे राहता ना?"

"हो."

"मग?"

आयुष्यात मी कोणाच्या घरी न बोलावता गेलो नव्हतो. बोलावलं तरी शक्यतो टाळायचो. मी म्हणालो, "चहा पाजता का?"

एक रिक्षावाला आमच्याकडे पाहून थांबला आणि निघून गेला.

"दूध नाही घरी."

"बिनदुधाचा चालतो मला," मी म्हणालो. तो मला अजिबात चालत नाही.

स्टेशनजवळच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर घर होतं. खिडक्या बंद होत्या. तळपद्यांनी आत शिरताच त्या उघडल्या, खुर्चीवरचे कपडे उचलले, कुठे ठेवावे ते न कळून पुन्हा तिथेच ठेवले. मी बसलो नाही. त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी भांड्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवलं, चहाची पूड ओट्यावरच होती, ती टाकली, आणि मग फळीकडे बघत उभे राहिले.

फळीवर स्टीलचे डबे होते. एकाच मापाचे, एकाच आकाराचे, ओळीने, घासूनपुसून चकचकीत. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं.

"साखर," तळपदे म्हणाले. "यातच कुठेतरी असणार. तिला न बघता कळायचं."

"तुम्ही शोधली नाहीत?"

"मी बाहेरच पितो चहा."

त्यांचा हात वर गेला आणि डब्यापाशी थांबला. कशाला हात लावावा हे ठरत नव्हतं. मी शेवटचा डबा खाली काढला. झाकण घट्ट होतं. मी नखाने उचकटलं.

"ही काय, रवा?"

त्यांनी चिमटीत घेऊन पाहिलं. "रवाच."

पुढचा डबा त्यांनी काढला. त्यात पोहे होते. त्यापुढच्यात शेंगदाणे, कीड लागलेले. एकात अख्खे मूग. झाकणं ओट्यावर साचत गेली. कोणतं झाकण कोणत्या डब्याचं यावर आमचा थोडा वादही झाला. मधल्या एका डब्याचं झाकण त्यांनी काढलं आणि खमंग वास आला. भाजलेल्या धण्याजिऱ्यांचा. ते झाकण हातात धरून तसेच उभे राहिले.

"चकल्यांची भाजणी," ते म्हणाले. "दिवाळीसाठी दळून आणली होती तिने. आधीच."

माझ्या हातातला डबा मी ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने तोंड पुसलं, भाजणीचं झाकण नीट दाबून लावलं आणि तो डबा बाजूला, खिडकीत ठेवला.

भांड्यातलं पाणी आटून तळाला काळी पूड उरली होती. तळपद्यांनी ते विसळलं, नव्याने पाणी घेतलं, गॅस बारीक केला, आणि पुढचा डबा माझ्या हातात दिला.